दयनीय आणि माननीय

१६११ साली इंग्लंडमध्ये राजा जेम्सच्या आज्ञेवरून बायबलचं नवं भाषांतर छापलं गेलं. त्यातल्या याकोबाच्या पत्रात देवाला एक विशेषण लावलंय : पिटिफुल. तेही 'अतिशय' या अर्थाचा शब्द आधी जोडून.

आज कुणाला पिटिफुल म्हणालात तर तो तुम्हाला ब्लॉक करेल. आजचा अर्थ साधारण असा, की तुझी अवस्था बघवत नाही आणि बघावी अशीही तुझी लायकी नाही. पण शब्दाची घडण बघा. ब्युटिफुल म्हणजे सौंदर्याने भरलेलं, होपफुल म्हणजे आशेने भरलेला, तसं पिटिफुल म्हणजे दयेने भरलेला. दयाळू. कनवाळू. चारशे वर्षांपूर्वीच्या भाविकाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढे मात्र भाषांतरकारांना तिथे कम्पॅशनेट बसवावं लागलं. देव होता तिथेच राहिला, शब्द घसरला.

घसरला तो तीन पायऱ्यांनी. आधी ज्याच्या मनात दया आहे तो पिटिफुल. मग ज्याला बघून दया येते तो पिटिफुल. आणि मग जो इतका फालतू आहे की दयाही वाया जावी, तो पिटिफुल. या पायऱ्या कॅलेंडरच्या पानांसारख्या एकामागून एक उलटल्या नाहीत. तिन्ही अर्थ बराच काळ एकाच वाड्यात बिऱ्हाडं करून होते. पण पहिलं बिऱ्हाड कधीच उठून गेलं, आणि आज वाडा जवळजवळ तिसऱ्याच्याच ताब्यात आहे.

यातली एक गंमत मला सोडवत नाही. पिटिलेस हा शब्द इंग्रजीत जसाच्या तसा टिकलाय. ज्याच्या मनात दया नाही तो पिटिलेस, निर्दय. तो शब्द अजूनही बघणाऱ्याबद्दलच बोलतो. त्याचा जुळा भाऊ पिटिफुल मात्र बघणाऱ्याला सोडून समोरच्याला जाऊन चिकटला. म्हणजे दया नसलेल्या माणसासाठी त्या मुळापासून बनलेला शब्द आहे. दया असलेल्या माणसासाठी होता, तो शिवी झाला.

असं एखाद्याच शब्दाचं झालं असतं तर अपघात म्हणून सोडून दिलं असतं. पण पथेटिक घ्या. हा तर आपला रोजचा. नेटवर्क पथेटिक, कॅन्टीनचा साबुदाणावडा पथेटिक, एक्सचा मेसेज पथेटिक. मूळ ग्रीक पॅथोस, म्हणजे भोगलेलं दुःख, मनावर उमटलेली तीव्र भावना. इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ 'काळजाला हात घालणारं' असा होता. बीथोव्हेनचा १७९९ साली छापलेला पियानो सोनाटा 'पथेटिक' या नावाने ओळखला जातो, चायकोव्हस्कीची सहावी सिंफनीही. ती सिंफनी १८९३च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा वाजली आणि नऊ दिवसांनी तो वारला. सहाव्या सिंफनीचं नाव ऐकून 'एवढी वाईट आहे का?' असं विचारणारा माणूस मला भेटलाय, आणि त्याला मी दोष देत नाही.

सिली या शब्दाची कथा तर आणखी करुण आहे. त्याचा फार जुना अर्थ धन्य, भाग्यवान. मग निष्पाप. मग बिचारा. मग मूर्ख.

एखादी भाषा हळव्या भावनेसाठी शब्द घडवते आणि काही पिढ्यांनी तोच शब्द दगड म्हणून वापरते, हे पुन्हा पुन्हा होत असेल तर दोष त्या शब्दाचा नसावा. मला वाटतं, दयेतच काहीतरी आहे जे ठेवलं तर नासतं. ते काय, हा माझा प्रश्न.

*

'इंग्रज लोकच तसे' म्हणून हात झटकता येणार नाहीत, कारण आपल्याकडे दयनीय आहे.

संस्कृतात 'अनीय' हा प्रत्यय लागला की त्यात 'करायला हवं', 'योग्य आहे' असा अर्थ येतो. पूजनीय, वंदनीय, श्रवणीय. माननीय म्हणजे ज्याला मान द्यायला हवा तो. दयनीय म्हणजे ज्याच्यावर दया करायला हवी तो. व्याकरणात या प्रत्ययांना 'कृत्य' म्हणतात, आणि 'तव्य' हाही त्यांच्यातलाच एक, ज्यातून कर्तव्य हा शब्द आला. थोडक्यात, दयनीय हा कर्तव्याचा चुलतभाऊ आहे. एखाद्याला दयनीय म्हणणं म्हणजे खरं तर स्वतःच्या डोक्यावर कर्ज चढवून घेणं : याचं काहीतरी माझ्याकडून देणं लागतं.

आणि आपण काय करतो? 'रस्त्यांची दयनीय अवस्था.' 'स्मशानभूमीची दयनीय अवस्था.' माननीय आणि दयनीय एकाच कारखान्यातून निघालेले दोघे भाऊ, एक 'मा.' होऊन फ्लेक्सवर चढला, दुसरा त्या फ्लेक्सखालच्या खड्ड्यात पडला.

रस्त्याला दयनीय म्हणण्याबद्दल माझी तक्रार नाही. रस्त्याला काही वाटत नाही. माणसाला म्हणताना मात्र त्यातलं देणं गळून पडतं आणि फक्त वर्णन उरतं. कीव या शब्दाचंही तेच. 'मला त्याची कीव आली' यात अजून थोडा ओलावा आहे. पण 'मला तुझी कीव येते' हे तोंडावर म्हणून बघा. मराठीत भांडण संपवायची ती पद्धत आहे. तृतीय पुरुषात दया, द्वितीय पुरुषात अपमान. दया माणसाच्या पाठीमागेच का शोभते?

बिचारा मात्र अजून पुष्कळसा शाबूत आहे. फारसीतला बे-चारा, म्हणजे ज्याच्यापुढे चारा नाही, उपाय नाही तो. 'दुसरा चारा नव्हता' असं आपण स्वतःबद्दलही म्हणतो, म्हणून असेल कदाचित. त्या शब्दात उंची नाही. निरुपाय तर सगळ्यांचाच होतो.

*

मी या शब्दांच्या मागे लागले त्याचं कारण घरात आहे. तीन वर्षांपूर्वी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा परत आली ती तुटक, एकेक शब्द विहिरीतून शेंदल्यासारखा. पण ऐकू स्वच्छ येतं आणि कळतं सगळं. बाबा एसटीत कंडक्टर होते, ३१ वर्षं.

पहिल्या दोन महिन्यांत भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. सगळी चांगली माणसं. नारळपाणी, सफरचंदं, कुठल्या तरी देवाचा अंगारा. बाबा पलंगावर टेकून बसलेले, पाहुणे समोरच्या खुर्चीत, आणि पाहुण्यांचा प्रश्न स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आईला : 'जेवतात का नीट?' 'झोप लागते का?' 'चहात साखर चालते का यांना?' मधेच बाबांकडे बघून, पण बाबांना नाही, एक सुस्कारा : 'बिचारे.' ३१ वर्षं हजारो लोकांना 'कुठे जायचंय?' विचारणाऱ्या माणसाला आता कुणी काही विचारत नव्हतं.

नंतर मला कळलं की हा प्रश्न जगप्रसिद्ध आहे. बीबीसी रेडिओ ४वर १९७७ ते १९९८ अशी एकवीस वर्षं अपंगत्वाच्या विषयांवर एक कार्यक्रम चालायचा. त्याचं नावच होतं 'डज ही टेक शुगर?' म्हणजे व्हीलचेअरवरच्या माणसाला न विचारता ती ढकलणाऱ्याला विचारलेला प्रश्न. लंडनमधला चहा आणि आमच्या घरचा चहा, दोन्हींत हाच प्रश्न विरघळलेला.

इथे एक सांगायला हवं. आलेल्या कुणाच्याही मनात तुच्छता नव्हती. एक मावशी तर खरोखर रडल्या. म्हणजे दया होती, अस्सल होती. तरी बाबा त्या खोलीत हळूहळू वस्तू होत चालले होते. पहिल्या पायरीवरून दुसरीवर यायला वाईट माणूस लागत नाही, हे मी तिथे पाहिलं.

एकदा असेच एक जण आले. सात-आठ मिनिटं बसले, चहा अर्धा ठेवला, 'सगळं ठीक होईल, काळजी नको' म्हणाले आणि उठले. दार लागल्यावर बाबा बराच वेळ शब्द जुळवत होते. मग म्हणाले, 'गेला… लवकर.'

श्टेफान झ्वाइगची १९३९ सालची कादंबरी इंग्रजीत 'बिवेअर ऑफ पिटी' या नावाने गेली, दयेपासून सावध राहा अशा अर्थाने. मूळ जर्मन नाव वेगळं आणि कितीतरी बोचरं आहे. त्याचा अर्थ होतो, हृदयाचा उतावीळपणा. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावरची गोष्ट. एक तरुण लष्करी अधिकारी श्रीमंत घरी मेजवानीला जातो आणि यजमानांच्या मुलीला नाचायला बोलावतो. तिचे पाय लुळे आहेत हे त्याला माहीत नसतं. त्या ओशाळलेपणातून तो रोज तिच्याकडे जायला लागतो. शेवट सांगत नाही, वाचा. झ्वाइगचं म्हणणं असं, की एक दया असते ती खरी तर घाई असते. दुसऱ्याचं दुःख बघून मला जे अस्वस्थ वाटतंय ते लवकरात लवकर माझ्या अंगावरून झटकून टाकायची घाई. आणि दुसरी असते ती थांबते, सोसते, तिला आपण काय करतोय ते माहीत असतं.

'गेला, लवकर' यापेक्षा या कादंबरीची नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही.

*

दया कशी नासते याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला अडीच हजार वर्षांच्या आसपास जुन्या पुस्तकात मिळालं. ॲरिस्टॉटलने 'ऱ्हेटरिक'मध्ये दयेची व्याख्या केलीय. ती भाषण करायला शिकणाऱ्यांसाठी आहे, संतांसाठी नाही, म्हणून व्यवहारी आहे. त्याच्या मते दया हे एक प्रकारचं दुःख आहे; कुणावर तरी त्याची चूक नसताना संकट आलं की होणारं. पण त्याने एक अट घातलीय : असं संकट आपल्यावर किंवा आपल्या माणसांवर येऊ शकतं असं बघणाऱ्याला वाटायला हवं. ज्यांना आपलं कधीच काही वाकडं होणार नाही असं वाटतं त्यांना दया येत नाही, असंही तो म्हणतो.

रूसोने अठराव्या शतकात 'एमिल'मध्ये हाच धागा पुढे नेला. राजांना प्रजेची दया का येत नाही? कारण आपण कधी साधी माणसं होऊ असं त्यांच्या स्वप्नातही येत नाही.

आता ती अट काढून टाका. माझ्यावर हे कधीच येणार नाही अशी खात्री मनात ठेवून दुःखी माणसाकडे बघा. काय उरतं? अंतर आणि उंची. सुरुवातीला त्या उंचीवरूनही डोळे भरून येतात. पण उंचीवर फार वेळ उभं राहिलं की खालचं सगळं छोटं दिसायला लागतं. आणि मग मन उंची समजावून घेण्यासाठी कारणं शोधतं. याने बीपीची गोळी वेळेवर घेतली नसेल. तंबाखू खात असेल. आमच्याकडे तर व्यायामाची सवय आहे. ॲरिस्टॉटलच्या दोन्ही गोष्टी एका झटक्यात गेल्या : त्याची चूक होती, आणि माझं तसं होणार नाही. इथून तिसरी पायरी एका पावलावर आहे.

आम्हाला विचारलेल्या प्रश्नांमध्ये 'बीपी होतं का आधी?' हा फार मोठ्या आशेने विचारला जाई. हो म्हटलं की समोरच्याचा चेहरा किंचित सैल पडे.

नीत्शेने दयेवर तोंडसुख घेतलंय ते यामुळेच. दया घेणाऱ्याची मान खाली जाते, असं त्याला दिसलं होतं. निदान बरोबर आहे. पण तो दयेलाच रोग म्हणाला तिथे मी त्याची संगत सोडते. ज्याच्याजवळ अजिबात दया नाही तो पिटिलेस, आणि तो शब्द अजून जसाच्या तसा आहे, विसरू नका.

आणि दया बघणाऱ्याच्या मनात राहिली की झालं, एवढ्यावरही भागत नाही. रील्स बघता ना? फुटपाथवर बसलेला म्हातारा, त्याच्यासमोर बिर्याणीचं पाकीट, मागे पियानो, कॅमेरा म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर थांबलेला. खाली कमेंट्स सगळ्या देणाऱ्याबद्दल : सोन्याचं काळीज, देवमाणूस. तिथे विशेषण अगदी जुन्या जागी, दया करणाऱ्यालाच लावलेलं असतं. तरी काहीतरी किळसवाणं वाटतं. मला वाटतं ते यामुळे, की म्हाताऱ्याला नाही म्हणायची सोय नाही. त्याला उलट उत्तर द्यायची, 'आज मला भात नको' म्हणायची, चेहरा दाखवू नका म्हणायची सोय नाही. त्याची कुणी परवानगी घेतली असेल असं त्या चेहऱ्यावरून वाटत नाही. देणारा आरशात बघतोय आणि आरसा म्हणून समोर एक माणूस धरलाय.

*

यावर एक सरळ उपाय आहे आणि तो फार मोठा आहे. दया नकोच, हक्क द्या.

ब्रिटनमध्ये आयटीव्ही वाहिनी टेलेथॉन करायची. तासन् तास चालणारा कार्यक्रम, अपंगांच्या कहाण्या, खाली देणगीचे आकडे. १९९२ साली लंडनमध्ये स्टुडिओबाहेर अपंग माणसांनीच त्याविरुद्ध निदर्शनं केली. त्यांच्या टी-शर्टांवर दयेबद्दल तीन शब्दांची घोषणा होती, जिचं सभ्य भाषांतर मला जमणार नाही. दयेवर कोणता विधी उरकावा असं तिच्यात सांगितलं होतं. त्यानंतर आयटीव्हीचा टेलेथॉन झाला नाही.

आपल्याला हे समजायला लंडनपर्यंत जायची गरजही नाही. वरून ओतलेलं पाणी खाली ओंजळ धरून प्यायचं, हे ज्यांच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या आलं, त्यांना दयेची भूमिती तोंडपाठ होती. देणारा वर, घेणारा खाली, आणि भांडं विटाळू नये म्हणून मध्ये हवेची एक रेघ. १९२७ साली महाडला बाबासाहेबांसोबत माणसं चवदार तळ्यावर गेली ती कुणी जास्त प्रेमाने ओतावं म्हणून नाही. स्वतःच्या हाताने घ्यायला गेली.

आमच्या घरातलं उदाहरण याच्यापुढे किरकोळ आहे, पण मला त्यातून हे समजलं. बाबांना अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं, त्यावर टक्केवारी. आईला तो कागद बघवत नव्हता. बाबांना मात्र कागद आवडला. डाव्या हातात धरून त्यांनी उलटसुलट करून पाहिला, शिक्का पाहिला आणि म्हणाले, 'पास.' मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. सवलतीचे पास आयुष्यभर त्यांनी तपासले होते. आंधळे, पांगळे, म्हातारे, विद्यार्थी. पास बघताना कंडक्टरला कुणाची कीव येत नसते. तो तारीख बघतो. तारीख बरोबर असेल तर तिकीट फाडतो आणि 'पुढे सरका' म्हणतो. त्या 'पुढे सरका'मध्ये केवढा मान आहे हे मला त्या दिवशी दिसलं. माननीय शब्दाची एवढी शुद्ध आवृत्ती मी फ्लेक्सवर कधी पाहिली नाही.

तर, हक्क. त्यात वाद नाही. पण रात्री तीन वाजता बाबांना जाग येते आणि उजवा हात आपलाच आहे का हे ते डाव्या हाताने चाचपून बघतात. त्या वेळेसाठी कोणता कायदा करणार? २०१६ सालचा दिव्यांग हक्क कायदा मी पहिल्या कलमापासून वाचलाय, चांगला कायदा आहे. त्यात ही वेळ नाही. कुठल्याच कायद्यात ती बसणार नाही. तिथे कुणीतरी माणूसच लागतो, आणि त्याच्या मनात जे असावं लागतं त्याला जुन्या इंग्रजीत शब्द होता. आपल्याकडे अनुकंपा आहे. अनु म्हणजे मागोमाग, कंप म्हणजे थरथर; एक थरथरला की दुसऱ्याने थरथरणं. हा शब्द आपण सरकारी नोकरीच्या यादीला देऊन टाकला. अनुकंपा तत्त्वावरील उमेदवारांची प्रतीक्षायादी. एवढ्या नाजूक शब्दाला रांगेत उभं केलेलं जगात दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही.

*

पिटी हा शब्द फ्रेंचमार्गे लॅटिनमधल्या 'पिएतास'वरून आला. पायटी, म्हणजे भक्ती, धर्मशीलता, हाही त्याच शब्दाचा मुलगा. रोमन लोकांसाठी पिएतास म्हणजे कळवळा नव्हता. आईबाप, देव, गाव यांचं आपण जे देणं लागतो ते देणं. या गुणाचा त्यांचा नमुना म्हणजे व्हर्जिलचा नायक एनियस. ट्रॉय जळत असताना तो म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन शहराबाहेर पडतो. बाप आधी यायला तयारच नसतो, मी इथेच मरतो म्हणतो. शेवटी येतो, आणि निघताना कुलदेवतांच्या मूर्ती बापाच्याच हातात दिल्या जातात, कारण मुलाचे हात रक्ताने माखलेले असतात. हे मला फार आवडतं. ज्याला उचलून न्यावं लागतंय त्याच्याकडेही काम आहे. श्रावणबाळाच्या कावडीत आंधळ्या आईबापांच्या हातात काय होतं, ते कुणी सांगत नाही.

शब्दाचा उगम असा असेल, तर इतका खाली येईपर्यंत त्यातून काय सांडलं हे दिसतं. देणं सांडलं. दयनीयमधूनही तेच सांडलं होतं. उरला तो कळवळा, आणि देण्याशिवायचा कळवळा फार दिवस टिकत नाही.

बाबांचे एक मित्र आहेत, घरात त्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणतात. दोघांनी एकाच गाडीवर बरीच वर्षं ड्युटी केली. सगळी रांग ओसरल्यावर ते यायला लागले ते दर गुरुवारी, आणि अजून येतात. आले की आईला नमस्कार करतात आणि त्यानंतर आईशी बाबांबद्दल एक शब्द बोलत नाहीत. जे विचारायचं ते बाबांना. उत्तराला दोन मिनिटं लागली तर दोन मिनिटं थांबतात. मधला शब्द स्वतः पुरवत नाहीत. सुरुवातीला मला ते क्रूर वाटायचं, बाबा 'तांदूळ' या शब्दासाठी घामाघूम व्हायचे आणि हा माणूस शांतपणे चुना मळत बसायचा. पण शब्द यायचा. रमीत बाबा डाव्या हाताने पत्ते लावायला वेळ घेतात म्हणून काका त्यांच्यावर ओरडतात. पैसे हरले तर घेतात, अगदी दहा-वीस रुपये असले तरी. चालायची वेळ झाली की चमचा घेऊन स्टीलच्या पेल्यावर दोनदा वाजवतात. डबल बेल. गाडी सुटली.

या माणसाला दया येत नाही असं मला वाटायला लागलं होतं. मग एकदा मी दूध आणायला खाली उतरले, तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर काका भिंतीला टेकून उभे होते, टोपीने डोळे पुसत. मला पाहून म्हणाले, 'जिने फार आहेत गं तुमच्याकडे.' मी हो म्हटलं. पुढच्या गुरुवारी परत आले, परत रमी, परत ओरडा.

गेल्या पावसाळ्यात बाबांना तपासणीला न्यायचं होतं आणि लिफ्ट बंद पडली. तिसरा मजला. बाबा नाही म्हणाले, आज राहू दे. काकांनी ऐकून घेतलं, मग प्लास्टिकची खुर्ची ओढली. पुढे काका, मागे मी, मध्ये खुर्चीत बाबा. रिपोर्टची फाइल कुणी धरायची हा प्रश्न आला, कारण आमचे चारही हात गुंतलेले. बाबांनी डावा हात पुढे केला. प्रत्येक मजल्यावर दारं उघडत होती, माणसं बघत होती, 'अरेरे' ऐकू येत होतं. पहिल्या मजल्याच्या वळणावर काकांना दम लागला आणि खुर्ची थांबली. बाबांनी फाइल मांडीवर ठेवली आणि बोटाच्या पेराने खुर्चीच्या दांडीवर दोनदा टकटक केलं.

'थांब की जरा,' काका म्हणाले, 'घाट आहे.'